इसार देण्याआधी एक दिवस कागदाला द्या: जागा, पार्टी आणि माणसाची सरकारी नोंद कशी बघायची



नवीन दुकान टाकणाऱ्या पोरांचा एक फोन मला ठरलेला असतो. "सर, जागा एक नंबर मिळालीय. पण मालक म्हणतोय, आज संध्याकाळपर्यंत टोकन द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. देऊ का?"

माझं उत्तर पण ठरलेलं असतं. आज देऊ नका, उद्या द्या. मधल्या एका दिवसात काय करायचं, तेच आजच्या धड्यात आहे. व्हिडिओत मी स्क्रीनवर भराभर दाखवलं होतं, इथे सावकाश लिहितोय. पेन घेऊन बसा.

आधी माझी फी ऐका

हा धडा मी पैसे भरून शिकलोय. २०१६ साली शहरातल्या एका चांगल्या चालणाऱ्या रस्त्यावर मी स्टेशनरी-झेरॉक्ससाठी गाळा घेतला. बी.बी.ए. झालेलं होतं. करार म्हणजे काय, हे मला परीक्षेत पानभर लिहिता येत होतं. गाळा दाखवणारा माणूस बोलायला गोड, सगळे त्याला शेठ म्हणायचे. अनामत १,२०,००० रुपये. त्यातले ७०,००० आईच्या पाटल्या गहाण ठेवून आणले होते. शंभर रुपयांच्या बाँडवर लिहिलं, नोटरी केली, पेढे वाटले.

पाचव्या महिन्यात सकाळी शटर उघडायला गेलो, तर शटरवर बँकेची नोटीस. जागा त्या माणसाच्या नावावर नव्हतीच. ती त्याच्या चुलत्याच्या नावावर होती. चुलत्याने तिच्यावर कर्ज उचललेलं, ते थकलेलं, आणि बँक ताबा घ्यायला निघालेली. माझ्या अनामतीतले ४५,००० दोन-दोन, पाच-पाच हजार करत परत आले. बाकीचे ७५,००० आजतागायत आले नाहीत. पाटल्या सोडवायला मला तीन वर्षं लागली.

सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? नंतर मी भूमी अभिलेख कार्यालयातून त्या जागेचं मालमत्ता पत्रक काढलं. चुलत्याचं नाव त्यावर स्पष्ट होतं. बँकेचा बोजाही चढवलेला होता. कुणी लपवलं नव्हतं. सरकारने लिहून ठेवलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

म्हणून एक सूत्र पाठ करा: जेवढे पैसे अडकणार, तेवढी चौकशी. पाच हजारांच्या मालासाठी एक नंबर तपासणं पुरे. लाखभर अनामत देताय, तर एक पूर्ण दिवस आणि चार-पाचशे रुपये खर्च करा.

भाग १: जागा

पहिला प्रश्न: जागा सरकारी दप्तरात नेमकी कुठे आहे? गट नंबर किंवा सर्व्हे नंबरची जमीन असेल तर सातबारा बघायचा. शहराच्या नगर भूमापनात आलेली जागा असेल तर तिला सिटी सर्व्हे नंबर असतो आणि तिचं मालमत्ता पत्रक, म्हणजे आपण म्हणतो ते प्रॉपर्टी कार्ड, बघायचं. मालकाला नुसतं "जागेचा नंबर काय?" एवढंच विचारा. जो नंबरच सांगत नाही, त्याच्याशी पुढे बोलायची गरज नाही.

१. सातबारा. महाभूमीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो, पण तो फक्त माहितीपुरता. डिजिटल सही असलेला उतारा १५ रुपयांत मिळतो, कामाला तोच घ्या. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र. सातमध्ये भोगवटादाराचं नाव आणि हक्क, बारामध्ये पीक. नवीन माणूस नाव बघतो आणि उतारा बंद करतो. तसं करू नका. 'इतर हक्क' असं लिहिलेला रकाना आहे, तिथे थांबा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाचा मनाई हुकूम, अशा नोंदी तिथे सापडतात.

२. फेरफार. सातबारावर फेरफार क्रमांक असतात. गाव नमुना ६ मध्ये प्रत्येक फेरफाराची गोष्ट लिहिलेली असते: जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, खरेदीने, वारसाने की वाटणीने. बाप वारला, चार भाऊ-बहिणी आहेत आणि करारावर एकाचीच सही, हा घोळ इथेच उघडा पडतो. बहिणींची नावं आहेत का, तेही बघा. "बहिणी हक्क सोडणारच आहेत" हे वाक्य म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे.

३. मालमत्ता पत्रक. हे पण ऑनलाइन मिळतं, नाहीतर तालुक्याच्या उप अधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून. धारकाचं नाव, क्षेत्र आणि वेळोवेळी झालेल्या नोंदी यात असतात.

४. सूची क्रमांक २, म्हणजे आपला इंडेक्स टू. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की त्या वर्षी नोंदलेले दस्त दिसतात: खरेदीखत, गहाणखत, भाडेपट्टा. एका वेळी एकच वर्ष दिसतं, म्हणून चहा घेऊन बसा. मागची दहा-बारा वर्षं तरी बघा. तोच गाळा सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्याच कुणाला विकलेला निघाला, असं इथे कळतं.

५. सरसाई. ही फार कमी लोकांना माहीत आहे. बँका मालमत्ता तारण घेतात, त्याची नोंद ठेवणारी ही देशपातळीवरची केंद्रीय नोंदणी. सामान्य माणसालाही दहा रुपये अधिक कर भरून मालमत्तेचा शोध घेता येतो. मला हे २०१६ ला माहीत असतं, तर माझे ७५,००० दहा रुपयांत वाचले असते.

आता दोन गैरसमज काढून टाकू.

पहिला: "घरपट्टीची पावती आहे ना, मग मालक तोच." नाही. महापालिकेची करपावती किंवा लाइट बिल यावरून कर कोण भरतो, बिल कुणाच्या नावावर आहे, एवढंच कळतं. खेड्यात याच कारणाने गोंधळ होतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घराच्या कर आकारणीची नोंद. महसूल खात्याचा गाव नमुना ८-अ म्हणजे एका खातेदाराच्या नावावर गावात किती जमीन आहे त्याचा उतारा. नाव सारखं, काम वेगळं. "आठ आणा" म्हटलं की कोणता आठ, ते विचारा.

दुसरा: "सातबारावर नाव आहे, मग विषय संपला." तोही पूर्ण खरा नाही. सातबारा मूळचा महसुलाच्या हिशेबाचा कागद. त्यातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानतात, पण मालकीचा शेवटचा पुरावा म्हणजे नोंदलेलं खरेदीखत, वाटणीपत्र, कोर्टाचा हुकूम. भाड्याच्या गाळ्याला सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि इंडेक्स टू पुरे. विकत घेताय, तर मात्र वकिलाकडून शोध अहवाल काढाच. तिथे पैसे वाचवू नका.

मराठवाड्यातल्या मंडळींसाठी खास

आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आपलं जुनं दप्तर पुण्या-साताऱ्यापेक्षा वेगळं. काही जुने कागद उर्दूत, काही मोडीत. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक आजही जमिनीच्या वादात काढलं जातं. इनाम जमिनींना हैदराबादचा १९५४ चा कायदा लागला, कुळांना १९५० चा. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधले जुने गठ्ठे सोडले गेले, तेव्हा आपल्याकडे किती जुनं दप्तर शिल्लक आहे, ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलं.

तुमच्या कामाचा मुद्दा एवढाच: सातबारावर भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ ते बघा. वर्ग २ म्हणजे जमीन हस्तांतरावर बंधन, सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. देवस्थान इनाम किंवा वक्फची नोंद दिसली तर तिथेच थांबा आणि वकिलाला विचारा. आणि हमरस्त्याला लागून पत्र्याचे गाळे दिसतात, त्यातले काही अजून कागदावर शेतजमीनच असतात. अकृषिक परवानगी, म्हणजे एन.ए., आहे का हे विचारल्याशिवाय फर्निचरला हात घालू नका. गाळा पाडला गेला तर मालकाची भिंत जाते, पण तुमचं फर्निचर, बोर्ड आणि बसवलेलं गिऱ्हाईक जातं.

करार नोंदवाच

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदवायची जबाबदारी जागामालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. हे वाक्य मी माझ्या दुकानात काउंटरमागे लिहून ठेवलंय. नोंदणीचा आणखी एक फायदा: दुय्यम निबंधकापुढे मालकाला स्वतःची ओळख पटवावी लागते. गोड बोलणारे शेठ बरोबर या टप्प्यावर "अहो, एवढं कशाला" म्हणतात.

मालकाला राग येईल ही भीती वाटते ना? मग असं म्हणा: "काका, जागा पसंत आहे, भाडंही मान्य आहे. इसार उद्या देतो. करार रजिस्टर करायचाय, तेवढा उतारा आणि आधार-पॅन दाखवा." खरा मालक कुरकुर करेल, पण उतारा देईल. त्याला पण चांगला भाडेकरू पाहिजे असतो.

भाग २: माल देणारी पार्टी आणि फ्रँचायझी

जीएसटी नंबर. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कुणाचाही नंबर तपासता येतो. नंबर १५ अंकी-अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर बघा: पी असेल तर एकटा माणूस, एफ असेल तर भागीदारी फर्म, सी असेल तर कंपनी. व्हिजिटिंग कार्डावर प्रायव्हेट लिमिटेड छापलंय आणि पॅनमध्ये पी आहे, तर विचारा.

तपासताना चार गोष्टी वहीत लिहा: कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, आणि नंबर चालू आहे की रद्द. त्याच पानावर रिटर्न भरल्याच्या तारखा दिसतात. या तारखा तुमच्या खिशाशी जोडलेल्या आहेत. समोरच्याने तुमचं बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं नाही, तर तुम्ही भरलेल्या कराचं क्रेडिट तुम्हाला मिळत नाही. आणि शेवटचं: ज्या बँक खात्यात पैसे मागतोय, त्या खात्याचं नाव या कायदेशीर नावाशी जुळतं का? "माझ्या मेव्हण्याच्या खात्यावर टाका" म्हटलं की फोन ठेवा.

कंपनी. फ्रँचायझी, एजन्सी, डीलरशिप देणारे बहुतेक जण कंपनी असल्याचं सांगतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीची मूळ माहिती फुकट दिसते: स्थापनेची तारीख, भरणा भांडवल, संचालक, कंपनी चालू आहे की नाही, शेवटचा ताळेबंद कधी दाखल केला, कुठल्या बँकेचा बोजा आहे. समजा जाहिरातीत "१० वर्षांचा अनुभव, देशभर जाळं" लिहिलंय. पोर्टलवर स्थापना आठ महिन्यांपूर्वीची आणि भरणा भांडवल एक लाख. ही कंपनी तुमच्याकडून पाच लाख डिपॉझिट मागतेय. यात गुन्हा आहेच असं नाही. पण जाहिरात आणि नोंद जुळत नाही, एवढं तुम्हाला कळलं. आता प्रश्न विचारायची पाळी तुमची.

खाण्याचा माल. पाकिटावर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक असतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या पोर्टलवर तो टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते दिसतं. घरगुती लोणचं-पापड ठेवणाऱ्या ताईंनाही सांगतो, तुमचा नंबर पण लोक असाच तपासणार आहेत.

मोंढ्यातला व्यवहार. अडत्याशी किंवा खरेदीदाराशी मोठा सौदा करताय, तर बाजार समितीचं लायसन्स आहे का, हे समितीच्या कचेरीत जाऊन विचारा. लाजू नका, तिथे रोज शेतकरी विचारतात.

भाग ३: कोर्टातली नोंद

ई-कोर्ट्सच्या पोर्टलवर किंवा मोबाइल ॲपवर महाराष्ट्र, परभणी, मग न्यायालय संकुल निवडायचं. पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून शोधता येतं. गंगाखेड, जिंतूर, सेलू अशा तालुक्यांची कोर्टं वेगळी निवडावी लागतात. प्रत्येक प्रकरणाला १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक असतो, तो मिळाला की तारखा आणि बरेचदा हुकूमही वाचता येतात. नाव इंग्रजी स्पेलिंगने टाकावं लागत असेल तर दोन-तीन पद्धतींनी टाका. ग्राहक आयोगाची प्रकरणं वेगळ्या पोर्टलवर असतात.

जागा घेताना मालकाच्या नावाने दिवाणी दावे बघा. वाटणीचा दावा चालू असलेली जागा म्हणजे चार भावांच्या भांडणात तुम्ही पाचवे.

पण थांबा. कोर्टाची नोंद वाचताना माझी स्वतःची दुसरी चूक सांगतो. ही पैशाची नव्हती, म्हणून जास्त लागली.

भाग ४: माणूस

दोनेक वर्षांपूर्वी मला काउंटरला मुलगा पाहिजे होता. मानवत तालुक्यातला एक जण आला. बोलायला साधा, हिशोबाला पक्का. मी ई-कोर्ट्सवर त्याचं नाव टाकलं. नाव-आडनाव सेम, मारामारीची केस. मी फोन करून सांगितलं, "जागा भरली." त्याला कुठूनतरी खरं कारण कळलं. तो दुकानात आला आणि शांतपणे म्हणाला, "सर, केस कोणत्या वर्षाची आहे बघा. मी तेव्हा सातवीत होतो. आणि बापाचं नाव पण बघा की."

बापाचं नाव वेगळं होतं. मी माफी मागितली, कामाला ये म्हणालो. तो म्हणाला, "फोन करायच्या आधी एकदा मला विचारायचं होतं, सर." आणि गेला. तो दुसरीकडे कामाला लागला. बरोबर केलं त्याने.

आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाचे चार जण असतात. म्हणून माणसाच्या बाबतीत हे नियम पाळा:

- नुसत्या नावावर कधीच निर्णय घेऊ नका. वडिलांचं नाव, वय, गाव, तिन्ही जुळायला पाहिजे.
- केस चालू असणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. निर्दोष सुटलेलाही यादीत दिसतो.
- जे सापडलं ते त्या माणसासमोर ठेवा आणि त्याचं ऐका. मग ठरवा.
- दुसऱ्याचा पोलीस रेकॉर्ड आपल्याला काढता येत नाही आणि ओळखीच्या पोलिसाकडून काढूही नये. चारित्र्य पडताळणीचा दाखला उमेदवार स्वतः महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून मागतो. गल्ला सांभाळायचा असेल तर तो आणायला सांगा आणि त्याचा खर्च तुम्ही द्या.
- आधीच्या मालकाला फोन करणार असाल तर उमेदवाराला आधी सांगून करा. प्रश्न तीनच: किती दिवस होता, काम काय होतं, पुन्हा ठेवाल का?
- आधारची झेरॉक्स घेताय तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार घ्या. त्यावर "फक्त नोकरीच्या कामासाठी" लिहून तारीख टाका. ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

शेवटचा नियम माझ्यासारख्या झेरॉक्सवाल्याकडून ऐका. काउंटरवर लोक किती कागद विसरून जातात, ते मी रोज बघतो. दुसऱ्याचा कागद हातात आला की जबाबदारी पण आली.

भाग ५: ऑनलाइन नाही मिळालं तर

सगळं ऑनलाइन नसतं. तेव्हा तीन पायऱ्या.

पहिली पायरी: साधा अर्ज. बऱ्याच कागदांना माहिती अधिकार लागतच नाही. जागेवर रस्ता रुंदीकरण किंवा आरक्षण आहे का, हे बघायला महापालिकेच्या नगर रचना विभागात झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. फी भरा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. ज्या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित आहेत, त्यांना मुदत ठरलेली आहे आणि उशीर झाला तर अपील करता येतं. कचेरीत तसा फलक शोधा.

दुसरी पायरी: सोमवार. राज्य सरकारने २०१८ साली ठरवलं की जिल्हा पातळीवरच्या कचेऱ्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे. जाताना या निर्णयाचा उल्लेख नम्रपणे करा. नेमकी फाइल कोणती, हे आधी बघितलं की पुढचा अर्ज नेमका होतो.

तिसरी पायरी: माहिती अधिकार. कायदा २००५ चा, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू. त्याआधी अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केलाच होता, म्हणजे हे हत्यार आपल्या मातीतलं आहे. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावून किंवा राज्याच्या पोर्टलवरून. झेरॉक्स दोन रुपये पान. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. माहिती कशासाठी पाहिजे, हे सांगायची गरज नाही.

सगळ्यात मोठी चूक: लोक "का" विचारतात. "माझ्या शेजारच्याला परवानगी का दिली?" याचं उत्तर माहिती अधिकारात येत नाही. कागद मागा. नमुना देतो, जोडपत्र 'अ' मध्ये असा भरा:

*प्रति, जन माहिती अधिकारी, नगर रचना विभाग, परभणी शहर महानगरपालिका, परभणी.*
*माहितीचा विषय: सिटी सर्व्हे क्रमांक ____ वरील इमारतीची बांधकाम परवानगी.*
*कालावधी: १ जानेवारी २०१२ ते अर्जाचा दिनांक.*
*माहितीचा तपशील: १) बांधकाम परवानगीची प्रत. २) भोगवटा प्रमाणपत्राची प्रत. ३) या इमारतीस अनधिकृत बांधकामाबाबत दिलेल्या नोटिसा असल्यास त्यांच्या प्रती. ४) वरील कागदपत्रे असलेल्या फाइलचे निरीक्षण करू द्यावे.*
*माहिती व्यक्तिशः घेईन.*

निरीक्षणाच्या पहिल्या तासाला शुल्क नाही. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच कचेरीतल्या वरिष्ठांकडे. त्यानेही भागलं नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. आपल्यासाठी खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. दोन्ही अपिलांना २० रुपयांचा स्टॅम्प. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड करू शकतो.

हे मिळणार नाही: कुणाचं आयकर विवरण, बँक खातं, खासगी आयुष्य, प्रतिस्पर्ध्याचं व्यापारी गुपित. वैयक्तिक माहितीची सूट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आणखी रुंद केलीय. आणि शेजारच्या दुकानदाराला छळायला अर्ज करू नका. मुदत आणि स्टॅम्प तुमचे जातात, वैर फुकट मिळतं.

लक्षात घ्या, माहिती अधिकाराला महिना लागतो. इसार उद्या द्यायचा असेल तर त्याचा उपयोग नाही. मोठी गुंतवणूक ठरवताय, तर अर्ज आधी टाका, जागेचं नंतर बोला.

खोट निघाली तर?

कागदावर काही दिसलं म्हणजे सौदा मोडलाच, असं नाही. तीन प्रश्न विचारा. ही खोट दुरुस्त होते का? किती दिवसांत? तोवर माझे पैसे कुणाच्या हातात राहतील?

बँकेचा बोजा आहे पण हप्ते चालू आहेत: बँकेची लेखी संमती आणा, अनामत कमी करा. चार वारस आहेत: चौघांच्या सह्या घ्या, नाहीतर नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र बघा. रिटर्न भरलेलं नाही: ॲडव्हान्स देऊ नका, माल आल्यावर पैसे द्या. पण मालक आणि नोंदीतलं नाव जुळत नसेल, तर चर्चा नको. हात जोडा आणि निघा.

गृहपाठ

आजच्या आज दुसऱ्या कुणाचं नाही, स्वतःचं रेकॉर्ड काढा. तुमच्या घराचा किंवा शेताचा उतारा, तुमचा जीएसटी नंबर, ई-कोर्ट्सवर तुमचं नाव. नावात चूक, आजोबांचं नाव अजून तसंच, फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून चढलेला, असं बरंच निघतं. फेडलेलं कर्ज उताऱ्यावर असेल तर बँकेचा निल दाखला घेऊन तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे अर्ज द्या. उद्या तुम्ही कर्ज मागायला गेलात की बँक पण हेच बघणार आहे.

त्यासोबत एक दोनशे पानी वही करा. प्रत्येक मोठ्या व्यवहाराला एक पान: कुठला कागद बघितला, कोणत्या तारखेला, काय दिसलं. माझ्या वहीचं पहिलं पान २०१६ च्या त्या गाळ्याचं आहे. व्यवहार बुडाल्यावर भरलेलं ते एकच पान. त्यानंतरची सगळी पानं पैसे देण्याआधी भरलेली आहेत.

आईने परवा विचारलं, "आता नवीन जागा बघतोयस म्हणे, उतारा काढलास का?" काढला होता. तिला दाखवला. तिने चष्मा लावून मालकाचं नाव दोनदा वाचलं, मगच हो म्हणाली.

भेटू पुढच्या धड्यात. तोवर इसार जपून.